समुद्रावर जाताय? आधी तिथी पाहा

मे महिना लागला की दवाखान्यात एक वेगळा पेशंट येऊ लागतो. त्याला ताप नसतो, खोकला नसतो. तो खुर्चीवर टेकतो, खिशातून कागद काढतो आणि म्हणतो, "डॉक्टरसाहेब, आम्ही सगळे कोकणात निघालोय. बरोबर काय काय औषधं ठेवू, तेवढं लिहून द्या." मग मी लिहून देतो. उलटीची गोळी, तापाची गोळी, जुलाबासाठी ओआरएसची पाकिटे, खाज-पित्तासाठी एक गोळी, जखमेचे मलम, पट्टी आणि कापूस. पेशंट खूश होऊन जातो आणि मलाही आपण काहीतरी उपयोगाचे केल्यासारखे वाटते.

ही यादी चुकीची नाही. पण यादीत जी गोष्ट नव्हती, तिच्यामुळे आमच्याच घरावर एकदा बाका प्रसंग आला. काही वर्षे झाली त्याला. घाटावरच्या माणसाला विहीर कळते, कालवा कळतो, फार तर कृष्णेचा डोह कळतो. समुद्र कळत नाही. आणि कळत नाही हेही त्याला कळत नाही. म्हणून ती हकीकत या सदरात सांगावी असे बरेच दिवस मनात होते.

आम्ही नऊ जण गुहागरला गेलो होतो. आई, मी, आमच्या सौ., आमची दोन मुले, धाकटी बहीण, दाजी, त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा आणि आमची एक मावशी. कराडहून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण आणि मग गुहागर, असा रस्ता. कुंभार्लीत निम्मी गाडी आडवी झाली. वास्तविक वळणांची मळमळ हा काही पोटाचा आजार नव्हे. कानाच्या आत शरीराचा तोल सांभाळणारा एक अवयव असतो, तो मेंदूला सांगतो की आपण हलतोय. डोळे मात्र गाडीतल्या सीटकडे किंवा हातातल्या फोनकडे पाहत असतात आणि सांगतात की सगळे स्थिर आहे. या दोन साक्षींचा मेळ बसत नाही, म्हणून उलटी होते. मळमळणाऱ्याला पुढे बसवावे, दूर रस्त्याकडे पाहायला लावावे, पोट अगदी रिकामे ठेवू नये आणि तुडुंबही भरू नये. गोळी घाटाच्या तोंडाशी घेऊन उपयोग नाही. ती अर्धा-पाऊण तास आधी, म्हणजे पाटणला चहाला थांबाल तेव्हाच घ्यायची. दोन वर्षांखालच्या बाळाला या गोळ्या विचारल्याशिवाय देऊ नयेत, आणि गाडी चालवणाऱ्याने तर मुळीच घेऊ नयेत. झोप येते.

गुहागर ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गाव म्हणजे समुद्राला समांतर जाणारा एक लांबलचक रस्ता. दोन्ही बाजूंना घरे, समुद्राकडच्या घरांच्या मागे नारळी-पोफळीच्या वाड्या आणि वाडी संपली की वाळू. मधोमध व्याडेश्वराचे देऊळ. कितीतरी घराण्यांचे ते कुलदैवत असल्याने येणाऱ्यांत निम्मे दर्शनाला आलेले असतात. दुपारी गाव झोपते, दुकानेसुद्धा. कुणाला घाई नाही. पहिल्या दिवशी जेवण झाल्यावर आम्ही सगळे ओसरीवर आडवे झालो ते चार वाजता उठलो. रात्री-अपरात्री फोन घेणाऱ्या माझ्यासारख्याला अशी झोप कित्येक महिन्यांत लागली नव्हती. रक्तदाबवाल्यांना आणि झोप न येणाऱ्यांना मी अशा गावी आवर्जून पाठवतो, आणि यापुढेही पाठवीन. फक्त एक लक्षात आले नव्हते. गाव निवांत असले की माणसे निवांत होतात, आणि माणसे निवांत झाली की समुद्रही निवांत असेल असे त्यांना वाटू लागते.

दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. आईचा उपवास. सकाळी हेदवीला दशभुजा गणपतीच्या दर्शनाला गेलो आणि तिथे पायऱ्या चढून झाल्यावर आईला एकदम अंधारी आली. खाली बसवले, पाय वर घेतले, लिंबाचे सरबत दिले तेव्हा हुशारी आली. कारण साधे होते. कोकणच्या दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही. घाम वाळला तरच अंग थंड होते. न वाळणारा घाम नुसता पाणी आणि मीठ घेऊन जातो. त्यात उपवासाने पोटात काही नाही, आणि सकाळची रक्तदाबाची गोळी मात्र न चुकता घेतलेली. त्या गोळीत लघवीवाटे पाणी काढणारे औषधही होते. वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशी गोळी घेणारे वडीलधारे असतील, त्यांनी कोकणात उन्हाळ्यात नेण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार नसेल तर पाण्याबरोबर थोडे मीठ पोटात जाऊ द्यावे. उपवासाला सैंधव चालतेच. शहाळ्याचे पाणी चांगले, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी असते. त्यामुळे घामाने गेलेले मीठ एकट्या शहाळ्याने भरून येत नाही.

हेदवीलाच समुद्राकाठी बामणघळ आहे. खडकाला पडलेली एक अरुंद, खोल चीर. भरतीच्या लाटा तीत घुसल्या की पाणी कारंज्यासारखे वर उसळते. आम्ही गेलो तेव्हा घळीत तळाशी थोडेसे पाणी डुचमळत होते. मुले हिरमुसली.

दुपारी जेवताना घरमालक काकांना ही हकीकत सांगितली तर ते हसले. "अहो डॉक्टर, पंचांग बघून जायचं. आज चतुर्थी. तिथीची पाऊणपट करायची. चार पाऊणे तीन. म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती, दुपारी आणि रात्रीही. नऊला ओहोटी. तुम्ही ऐन ओहोटीला गेलात, मग घळीत काय दिसणार?"

मला ते गणित फार आवडले. भरती-ओहोटी चंद्रामुळे होते हे शाळेत शिकलो होतो, पण तिचा हिशेब कोकणातली माणसे अशी तोंडी करतात हे माहीत नव्हते. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. पाऊणपटीचा हिशेब त्यावरूनच बसतो. अष्टमीला सहाला भरती आणि बाराला ओहोटी, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास भरती. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी जास्त चढते आणि जास्त उतरते, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास चढउतार कमी, तो भांग. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, पण अंदाजाला पुरेसे. मी हे सगळे वहीत लिहून घेतले. बामणघळ पुन्हा पाहायला कधी जायचे तेही ठरवले.

आणि त्याच संध्याकाळी साडेपाच वाजता आम्ही मुलांना घेऊन समुद्रात उतरलो.

तीनला भरती, नऊला ओहोटी. म्हणजे साडेपाच-सहाला पाणी सर्वांत जोरात मागे जात असणार. हे गणित माझ्या वहीत होते, पण माझ्या लेखी ते कारंजे पाहण्याचे गणित होते, आंघोळीचे नव्हे. किनाऱ्यावर आम्ही सहा मोठी माणसे होतो. आई आणि मावशी वाळूत बसलेल्या. सौ. आणि बहीण पाण्याच्या कडेला, साड्या सावरत. दाजी आणि मी गुडघाभर पाण्यात उभे राहून क्रिकेटवर बोलत होतो. भाचा आणि आमची दोन मुले आमच्यापासून पंधरा-वीस पावलांवर. मला वाटत होते बहीण बघते आहे. बहिणीला वाटत होते दोघे पुरुष पाण्यातच आहेत. दाजींना वाटत होते डॉक्टर बरोबर आहेत.

आमच्या थोरल्याने "बाबा, तो लांब गेला" म्हटले तेव्हा मी मान वळवली. भाचा चांगलाच आत होता. त्याचे डोके मागे कललेले, तोंड पाण्याला टेकलेले, आणि हात दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबल्यासारखे करत होता. ओरडत नव्हता. क्षणभर मला वाटले की तो खेळतो आहे. हे मी मुद्दाम लिहितो आहे. बुडणारे माणूस हात वर करून "वाचवा, वाचवा" ओरडते, हे आपण सिनेमात पाहिलेले असते. पुष्कळदा तसे काहीच होत नाही. तोंड पाण्याबाहेर येते तेवढ्या निमिषात श्वास घ्यायचा की ओरडायचे, तर शरीर श्वास निवडते. हात हलवून बोलावण्याइतकाही ताबा त्या वेळी नसतो. मूल पाण्यात असताना एकाएकी गप्प झाले, की धावावे.

दाजी धावले. त्यांना पोहता येते, पण विहिरीतले. मी त्यांचा दंड धरला आणि दुसरा दंड एका कोळणीने. तिने खरोखर त्यांना मागे ओढले. तोवर होडीजवळ बसलेला एक तरुण हवा भरलेली ट्यूब घेऊन पाण्यात शिरला होता. तो भाच्यापर्यंत फार लवकर गेला, जणू कुणी ढकलल्यासारखा. त्याने पोराला ट्यूबवर घेतले आणि मग सरळ आमच्याकडे यायचे सोडून किनाऱ्याला समांतर बाजूला निघाला. आम्ही सगळे जिवाच्या आकांताने ओरडत होतो, "इकडे, सरळ इकडे!" त्याने लक्ष दिले नाही. बराच बाजूला गेल्यावर त्याने तोंड वळवले आणि लाटांबरोबर आरामात वाळूला लागला. आम्हापासून शंभरेक पावले दूर.

त्याने जे केले ते पुढे समजून घेतले. लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात. ते पाणी परत जायला वाट शोधते. वाळूच्या पट्ट्यात जिथे खोलगट जागा असेल तिथून ते एका अरुंद प्रवाहाने आत जाते. पाणी उतरत असताना हा ओढा बऱ्याच ठिकाणी जास्त जोर धरतो. किनाऱ्यावरून पाहिले तर ती जागा सर्वांत शांत दिसते. दोन्ही बाजूंना लाटा फुटून फेस होतो, मधे मात्र फेस नाही, पाणी जरा काळपट. अजाण माणूस मुलांना नेमके तिथेच उतरवतो. आम्हीही तेच केले होते. हा प्रवाह माणसाला खाली ओढत नाही, आत नेतो. माणूस बुडतो तो त्याच्या विरुद्ध हातपाय मारून दमल्यामुळे. म्हणून सापडलेल्याने त्याच्याशी झुंजू नये. पाठीवर तरंगावे, श्वास राखावा आणि समांतर बाजूला सरकत प्रवाहाच्या बाहेर पडावे. प्रवाह रुंदीला फार नसतो. किनाऱ्यावरच्याने दोरी, रिकामा बंद कॅन, ट्यूब, जे तरंगेल ते टाकावे, स्वतः उडी टाकू नये. एकाला वाचवायला दुसरा आणि दुसऱ्याला वाचवायला तिसरा, अशा बातम्या आपल्या जिल्ह्यातही दरवर्षी वाचायला मिळतात.

भाचा शुद्धीवर होता. खोकत होता, खारे पाणी ओकत होता, ओठ निळसर पडले होते. भोवती गर्दी जमली आणि कुणी म्हणाले उलटा टांगा, कुणी म्हणाले पोट दाबा. या दोन्ही गोष्टी करू नयेत. फुप्फुसात गेलेले पाणी अशाने निघत नाही, पोटातले मात्र वर येऊन श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. जो श्वास घेतो आहे त्याला कुशीवर वळवावे, ओले कपडे काढून ऊब द्यावी.

श्वासच चालत नसेल तर मात्र एक क्षण घालवू नये. १०८ ला फोन करायला एकाला सांगावे आणि दुसऱ्याने कामाला लागावे. बुडालेल्याला आधी हवा हवी असते. उताणे झोपवून डोके किंचित मागे, हनुवटी वर, नाक चिमटीत धरून तोंडाने दोन ते पाच श्वास द्यावेत. छाती वर उचलली गेली पाहिजे. मग छातीच्या मधोमध हाताने तीस वेळा दाब, मोठ्या माणसाला सुमारे दोन इंच खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीने. पुन्हा दोन श्वास, पुन्हा तीस दाब. मदत येईपर्यंत किंवा माणूस श्वास घेऊ लागेपर्यंत थांबायचे नाही. हे वाचून येत नाही, हाताने करून पाहावे लागते. शाळा-कॉलेजात, तरुण मंडळांत ते शिकवण्याचे वर्ग होतात. गणपतीच्या मंडपात एक तास त्याला दिला तर मला स्वतःला फार आनंद होईल.

भाचा तासाभरात बोलू लागला, भूक लागली म्हणाला. दाजी म्हणाले, "आता घरी जाऊ, झोपू द्या त्याला." मी नाही म्हटले. पाणी छातीत गेलेल्या माणसाला पुढच्या काही तासांत धाप लागू शकते. बाहेरून ठीक दिसला तरी खोकला चालू असेल, श्वास जलद असेल, गुंगी असेल तर दवाखान्यात नेऊन सहा-आठ तास तरी देखरेखीखाली ठेवलाच पाहिजे. जवळच्या सरकारी दवाखान्यात नेले. रात्री दहाच्या सुमारास त्याच्या रक्तातला ऑक्सिजन थोडा उतरला आणि नळी लावावी लागली. पहाटेपर्यंत सावरला. घरी नेऊन झोपवला असता तर? हा प्रश्न दाजींनी मला नंतर विचारला होता. मी उत्तर दिले नाही. आईने त्या रात्री चंद्रोदय होऊन गेला तरी उपवास सोडला नव्हता. दवाखान्याच्या बाकावर बसून होती. सकाळी डॉक्टर "ठीक आहे" म्हणाले तेव्हा तिने चहा घेतला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली. असा आकडा वाचताना काही वाटत नाही. त्या बाकावर बसून वाचला असता तर वाटले असते.

घरमालक काका दवाखान्यात आले होते. ते रागावले नाहीत, पण म्हणाले, "मी तुम्हाला भरतीची वेळ सांगितली ना डॉक्टर?" सांगितली होती. त्यांच्या मते पाहुण्यांनी ओहोटीत पाण्यात उतरूच नये. पाणी वळून भरती लागली की गुडघाभर पाण्यात जावे, आणि तेही गावातल्या माणसाला जागा विचारून. दारू पिऊन तर पायही घालू नये. आणि पावसाळ्यात नुसते बघावे. १ जून ते ३१ जुलै आपल्या राज्यात यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. ती माशांच्या विणीसाठी आहे तशी माणसांच्या जिवासाठीही. "आमच्या होड्या वर ओढलेल्या दिसतात, तरी लोक उतरतात," काका म्हणाले.

माशांवरून आणखी एक सांगायचे राहते. जेवल्यावर घटकाभरात तोंड लाल होणे, अंगावर गांधी, डोके ठणकणे, हे झाले की लोक म्हणतात मासे बाधले, आता जन्मात खाणार नाही. दर वेळी ती मासळीची अ‍ॅलर्जी नसते. बांगडा, सुरमई, कुपा यांसारखे मासे बर्फाविना राहिले तर त्यांत हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते आणि ते शिजवून, तळूनही जात नाही. एकाच ताटातले दोघे-तिघे लाल झाले तर बहुधा हेच. खाजेच्या गोळीने उतरते. मात्र ओठ-जीभ सुजली किंवा धाप लागली तर गोळीची वाट न पाहता दवाखाना गाठावा. कोळंबी खाऊन एकट्यालाच दर वेळी असे होत असेल तर ती खरी अ‍ॅलर्जी समजून कोळंबी सोडावी.

आता दवाखान्यात कुणी कोकणची यादी मागितली की मी औषधांच्या आधी दोन ओळी लिहितो. पहिली: त्या दिवसाची तिथी कोणती, पाऊणपट करून भरती किती वाजता. दुसरी: मुले पाण्यात असताना बघणारा कोण, त्याचे नाव. सगळे बघताहेत म्हणजे कुणीच बघत नाही. एकाच माणसाचे नाव हवे, त्याच्या हातात फोन नको, त्याने गप्पा मारायच्या नाहीत, आणि अर्ध्या तासाने पाळी बदलायची. काही पेशंट हसतात. औषधे विचारली तर हे पंचांग काढून बसले, असे त्यांना वाटत असावे.

निघायच्या आदल्या दिवशी षष्ठी होती. सहा पाऊणे साडेचार. म्हणजे सकाळी साडेदहाच्या सुमारास ओहोटी संपणार. अकराला काकांना जागा विचारून आम्ही किनाऱ्यावर गेलो, टोप्या घालून. आमची मुले गुडघाभर पाण्यात उतरली. भाचा मात्र वाळूतून हलायला तयार नव्हता. मग आई उठली, तिने पदर खोचला आणि त्याचा हात धरून त्याला ओल्या वाळूपर्यंत नेले. दोघे तिथे उभे राहिले. लाट येऊन पाय भिजवून गेली. पहिली पाळी दाजींची होती. मी काहीतरी विचारले, तर त्यांनी माझ्याकडे न बघता फक्त हाताने गप्प राहायला सांगितले.